२०२० च्या पहिलीतली पोरं: शाळा बंद होती तेव्हा नेमकं काय बुडालं

आमच्या वस्तीतल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात २०२२ च्या जूनमध्ये एक पोरगी यायला लागली, नुकतीच तिसरीत गेलेली. पहिल्या दिवशी तिला म्हटलं वाच बघू काहीतरी, तर तिनं पुस्तक उघडलं आणि खाडखाड धडा वाचायला लागली, बोट ओळीवरून फिरतंय, आवाज खणखणीत, मला वाटलं चला हिची काळजी नाही. मग बोटाकडं नीट लक्ष गेलं. बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंडात पाचवी ओळ. पान संपलं, उलटलंच नाही, तरी पुढचं म्हणत राहिली. शेजारची मोठी मुलगी रोज मोठ्यानं वाचायची ते ऐकून ऐकून पूर्ण धडा पाठ झाला होता. मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं, 'पाऊस', आणि विचारलं हा कुठला शब्द. ती गप्प. थोड्या वेळानं हळू आवाजात म्हणाली, "ताई, पहिल्यापासून म्हणू का?"

ही पोरगी जून २०२० ला पहिलीत गेली. म्हणजे कागदावर गेली. पहिलीचा वर्ग तिनं आतून बघितलाच नाही, थेट दुसरीच्या मध्यावर ती बाकावर जाऊन बसली. तिच्यासारखी लाखो पोरं आहेत आणि त्यांचं नेमकं काय झालं हे सोप्या भाषेत सांगायचा हा प्रयत्न आहे, कारण आजही लोक म्हणतात की अहो दोन वर्षं सगळ्यांचीच गेली, त्यात काय एवढं. सगळ्यांची सारखी गेली नाहीत, मुद्दा तिथंच आहे.

आधी तारखा बघू, कारण त्या आपण विसरत चाललोय. महाराष्ट्रात मार्च २०२० च्या मध्यावर कोविडमुळं शाळा बंद झाल्या. दहावीची बोर्डाची परीक्षा चालू होती, २३ मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढं ढकलला आणि मग रद्दच झाला, २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन. नववी ते बारावीचे वर्ग बऱ्याच ठिकाणी २३ नोव्हेंबर २०२० ला उघडले, पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ ला, तोवर दुसरी लाट आली आणि सगळं परत बंद. मग ४ ऑक्टोबर २०२१ ला गावात पाचवीपासून पुढचे आणि शहरात आठवीपासून पुढचे वर्ग उघडले. सगळ्यात लहान पोरं, पहिली ते चौथीची, ती १ डिसेंबर २०२१ ला. मुंबईत तर १५ डिसेंबर उजाडला आणि तिसरी लाट आली म्हणून जेमतेम तीन आठवड्यांत ती शाळा परत बंद झाली, २४ जानेवारी २०२२ पासून पुन्हा सुरू. म्हणजे पहिलीच्या मुलासाठी साधारण वीस महिने. सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातले वीस महिने.

बंद करणं चुकलं असं मी म्हणत नाही. मार्च २०२० मध्ये कुणालाच काही माहीत नव्हतं, भीती खरी होती, माणसं मरत होती. पण उघडताना आपण क्रम उलटा लावला असं मला मनापासून वाटतं. जुलै २०२१ मध्ये आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेचे तेव्हाचे प्रमुख डॉ. बलराम भार्गव यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की लहान मुलं हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगला झेलतात, शिक्षक-कर्मचाऱ्यांचं लसीकरण करून आधी प्राथमिक शाळा उघडायचा विचार करावा. युरोपात डेन्मार्कनं तर एप्रिल २०२० मध्येच आधी लहान मुलांचे वर्ग उघडले होते. आपण मोठ्यांपासून सुरुवात केली, कारण दहावी-बारावी डोक्यात. बोर्डाचा पोरगा एक वेळ स्वतः पुस्तक उघडून वाचू शकतो, पण ज्याला अजून अक्षरच कळत नाही त्याला पुस्तक काय कामाचं.

आता मुद्द्याची गोष्ट. गरिबाच्या घरातल्या मुलासाठी शाळा म्हणजे फक्त शिकवणं नसतं. चारपाच गोष्टी एकाच इमारतीत मिळत असतात आणि इमारतीला कुलूप लागलं की सगळ्या एकदम जातात.

पहिली म्हणजे जेवण. शाळेतली खिचडी. प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० आणि ३० ग्रॅम, असं हे माप आहे, त्यातनं लहान मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन मिळावं हा हिशोब. शाळा बंद झाल्यावर सुप्रीम कोर्टानं १८ मार्च २०२० ला स्वतःहून यात लक्ष घातलं आणि राज्यांना विचारलं की पोरांच्या जेवणाचं काय, मग आपल्याकडं कोरडा शिधा वाटायला लागले, तांदूळ आणि कडधान्याच्या पिशव्या पालकांच्या हातात. हे चांगलंच झालं, न मिळण्यापेक्षा कधीही बरं. पण शिजवलेलं ताट आणि पिशवी यात फरक आहे हे घर चालवणारी कुणीही बाई सांगेल. शाळेत ताट त्या एका पोराच्या पुढ्यात येतं आणि त्याच्याच पोटात जातं. घरी आलेला तांदूळ हा घराचा तांदूळ होतो, बापाचं काम सुटलेलं असतं, आजी असते, तान्हं असतं, सगळ्यात वाटला जातो आणि महिन्याचं माप आठवड्यात संपतं. त्यात कुणाची चूक नाही. जंताची गोळी, लोहाची गोळी, वजन-उंची, डोळे तपासणी, हेही शाळेतच होतं, तेही अडलं.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, टीव्ही चालू, स्टोव्ह पेटलेला, तिथं पोरानं दप्तर उघडायचं कुठं. श्रीमंत घरात शाळा बंद झाली तर पोराची अभ्यासाची खोली शिल्लक राहते, इथं शाळाच त्याची अभ्यासाची खोली होती.

आणि मोबाईल. यावर सगळ्यात जास्त बोललं गेलं आणि सगळ्यात कमी समजून घेतलं गेलं. आपल्याकडं घोषणा होती, 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू', आणि शिक्षकांनी खरंच धडपड केली, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वाध्याय पाठवले, दीक्षा अ‍ॅप होतं, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं, काही गुरुजी आणि बाई पारावर, देवळात, अंगणात चारचार पोरं बसवून शिकवत होते, त्यांना हात जोडून नमस्कार. पण आधीची परिस्थिती काय होती बघा. २०१७-१८ च्या सरकारी नमुना पाहणीत देशातल्या जवळपास २४ टक्के घरांतच इंटरनेटची सोय होती, खेड्यात ती १५ टक्क्यांच्या आसपास, आणि सगळ्यात गरीब वीस टक्के घरांत ९ टक्क्यांच्याही खाली. लॉकडाऊनमध्ये लोकांनी पोटाला चिमटा काढून, शेळी विकून फोन घेतले, ते आकड्यातही दिसतं. 'असर' या खेड्यातल्या मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत २०१८ मध्ये ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, तो २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेला.

मग प्रश्न सुटला का? नाही. त्याच २०२१ च्या पाहणीत असं दिसलं की घरात फोन असलेल्या मुलांपैकीसुद्धा साधारण चौथा हिस्सा मुलांना तो अभ्यासाला मिळतच नव्हता. कारण फोन बापाच्या खिशात आणि बाप सकाळी सात वाजता कामावर. माझ्या वर्गातल्या एका घरात तीन भावंडं, एक फोन, काच तडकलेली. बाबा रात्री नऊला घरी यायचे, मग फोन चार्जिंगला, साडेनऊला दादाचा नंबर कारण तो नववीत, मग ताई, आणि दुसरीतल्या धाकट्याचा नंबर येईपर्यंत तो भिंतीला टेकून झोपलेला असायचा. आई त्याला उठवायची नाही. ती मला म्हणाली, "दिवसभर पोरगं रस्त्यावर असतं ताई, झोपलंय तर झोपू दे." त्या धाकट्याच्या नावानं शाळेच्या ग्रुपवर मात्र स्वाध्याय जात होते, त्याची मोठी बहीणच लिहून फोटो पाठवायची, शाळेच्या वहीत तो अभ्यास 'करत' होता.

म्हणून २०२१ च्या ऑगस्टमध्ये ज्याँ द्रेझ, रितिका खेरा वगैरे अर्थतज्ज्ञ मंडळींनी १५ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत, महाराष्ट्रातसुद्धा, गरीब वस्त्यांमधल्या जवळपास १,४०० मुलांना गाठून विचारलं तेव्हा जे आलं त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही, वाईट मात्र खूप वाटलं. खेड्यातली फक्त ८ टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के मुलं काहीच शिकत नव्हती. काहीच नाही.

आणि पाड्यावरच्या मुलांचं तर वेगळंच. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात पावरी, भिली बोलतात, मेळघाटात कोरकू. तिथल्या पोराच्या कानावर मराठी पडते ती मुख्यतः शाळेत किंवा आश्रमशाळेत. पुण्यातल्या वस्तीतलं पोर निदान घरात मराठी बोलतं, शाळा बंद झाली तरी भाषा चालू राहते. पाड्यावर शाळा बंद म्हणजे ती भाषाच बंद. वीस महिन्यांनी परत आलेल्या पोराला बाई काय बोलतायत तेच कळत नव्हतं, मग वाचणं तर लांबच.

आता मूळ प्रश्नाकडं येते, शिकण्याचं नुकसान म्हणजे नक्की काय. लोकांना वाटतं की शाळा म्हणजे टीव्हीवरची मालिका, मधे बंद पडली, परत सुरू झाली की जिथं थांबली तिथनं पुढं. तसं होत नाही. लहान पोराचं शिकणं हे ओल्या भिंतीसारखं असतं, रोज पाणी मारलं तर पक्की होते, सोडून दिली तर भेगा पडतात. पहिल्यांदा जे शिकायचं होतं ते शिकलं नाही हे एक. त्याच्या जोडीला जे येत होतं तेही गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये अझीम प्रेमजी विद्यापीठानं पाच राज्यांतल्या सोळा हजारांवर मुलांचा अभ्यास समोर आणला, दुसरी ते सहावीच्या, तेव्हा त्यातली ९२ टक्के मुलं आधीच्या वर्षी भाषेत येत असलेली किमान एक तरी गोष्ट विसरली होती आणि गणितात ८२ टक्के. मी हे डोळ्यानं बघितलंय, चौथीतला मुलगा हातच्याची वजाबाकी करता करता थांबला, पेन्सिल तोंडात घातली आणि म्हणाला, "हे मला यायचं." येत नाही असं नाही म्हणाला. यायचं म्हणाला.

आणि तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा, तो म्हणजे शाळा उघडल्यानंतरचा. पोरं परत आली तेव्हा वर्ग पुढं सरकलेले होते. पहिलीत न बसलेलं पोर दुसरीत, मग तिसरीत, आणि हातात पुस्तक तिसरीचं, त्यात जोडाक्षरं, परिच्छेद, खाली प्रश्न. बाईंना कोर्स पूर्ण करायचा असतो, वर्गात ४० पोरं, ज्याला येतं त्याचा हात वर, ज्याला येत नाही तो मागं बसून फळ्यावरचं चित्रासारखं उतरवून घेतो. हे उतरवून घेणारं पोर वरवर कुणाच्या लक्षात येत नाही, वही पूर्ण असते, अक्षर तर कधी कधी फार सुंदर असतं. २०२१ च्या जुलैपासून मागच्या वर्षाचं भरून काढायला ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राज्यानं काढला होता, हेतू चांगला होता, पण तेव्हा लहान वर्ग बंदच होते, म्हणजे तोही घरूनच करायचा.

हा जो तिसरा भाग सांगितला ना, याचा पुरावा कोविडच्या आधीचाच आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये पाकिस्तानच्या उत्तरेकडं मोठा भूकंप झाला. तिथल्या मुलांच्या शाळा साधारण १४ आठवडे बुडाल्या, सव्वातीन महिने म्हणा. चार वर्षांनी संशोधक तिथं गेले, ताहीर अंद्राबी, जिष्णू दास आणि त्यांचे सहकारी. सरकारी मदत मिळाली होती, घरं परत बांधली होती, मुलांची उंची-वजनंही बहुतेकांची ठीक होती. पण भूकंपाच्या जवळ राहणारी मुलं अभ्यासात लांबच्या मुलांपेक्षा जवळपास दीड वर्ष मागं होती. बुडाले सव्वातीन महिने आणि मागं पडली दीड वर्ष, कारण बहुधा असं की शाळा सुरू झाली तेव्हा शिकवणं मुलं जिथं होती तिथनं सुरू झालं नाही, पुस्तक जिथं होतं तिथनं झालं आणि रोज थोडं थोडं अंतर वाढत गेलं. आणि यातली एक गोष्ट मला रात्री झोपू देत नाही: ज्या मुलांची आई निदान प्राथमिक शाळा शिकलेली होती त्यांचं हे नुकसान झालंच नाही. आई शिकलेली, तर पोर तरलं. आमच्या वस्तीतल्या किती आया चौथी शिकल्यात हे मी बोटावर मोजून सांगू शकते.

आपल्याकडं काय झालं तेही बघा. 'असर'च्या पाहणीत तिसरीतल्या मुलांना दुसरीचा साधा मजकूर वाचायला देतात. २०१८ मध्ये देशातल्या खेड्यांत तिसरीतली २७.३ टक्के मुलं तो वाचत होती, म्हणजे आधीही परिस्थिती काही चांगली नव्हती हे कबूल करायला पाहिजे. २०२२ मध्ये ती २०.५ टक्के झाली. पाचवीत ५०.५ वरून ४२.८. पण त्याच वर्षी पटावरची मुलं मात्र ९८ टक्क्यांच्या वर होती. म्हणजे नाव शाळेत आहे, पोर शाळेत येतंय, फक्त वाचता येत नाही. सरकारी शाळेतल्या मुलांचा टक्का तर ६५.६ वरून ७२.९ वर गेला, कारण कामं गेली, फी परवडेना, छोट्या इंग्लिश मीडियम शाळांतनं पोरं काढून झेडपीत घातली. काहींचा शाळा सोडल्याचा दाखलाच थकलेल्या फीपायी अडकून पडला होता आणि पोर महिनोन्महिने इकडंही नाही आणि तिकडंही नाही.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. शाळा असते तेव्हा बारा-तेरा वर्षांची पोरगी दिवसाचे सहा तास कुणाच्या तरी नजरेत असते. ती आठ दिवस आली नाही तर बाई विचारतात, मैत्रिणी सांगतात की तिला बघायला पाहुणे आलेत. शाळा बंद झाली आणि ही नजरच गेली. त्यात लग्नाला ५० माणसांची मर्यादा, म्हणजे कमी खर्चात उरकतंय, मानपान नाही, मांडव नाही, मग बापाच्या मनात येतं की उरकून टाकू. मराठवाड्यात ऊसतोडीच्या घरांत हे आधीपासूनच होतं, कारण कोयता जोडीनं जातो, नवरा-बायकोची जोडी असेल तर मुकादमाकडनं उचल म्हणजे आगाऊ पैसे मिळतात, आणि मागं राहिलेल्या पोरीची काळजी. त्या पोरांसाठी गावात हंगामी वसतिगृहं असतात, आईबाप कारखान्यावर गेले तरी पोर गावात राहून शाळेत जावं म्हणून, पण शाळाच नाही तर ते तरी कसं चालणार, मग पोरं आईबापासोबत फडात. पाचट गोळा करायला, मोळ्या बांधायला, धाकट्याला सांभाळायला. हे नुसतं आपल्याकडं झालं असंही नाही, सिएरा लिओनमध्ये २०१४-१५ ला इबोलाच्या साथीत जवळपास नऊ महिने शाळा बंद होत्या, तेव्हा तिथं कोवळ्या वयात गरोदर राहिलेल्या मुलींची संख्या वाढली आणि त्यातल्या अनेकींना पुन्हा शाळेत यायचा रस्ताच बंद झाला.

आता विचाराल की हे भरून निघतं का. निघतं. पूर्ण नाही पण बरंच निघतं, आणि हे मी आशेवर नाही, आकड्यावर सांगतेय. तमिळनाडूत संशोधकांनी त्याच त्याच गावांतल्या मुलांची कोविडच्या आधी आणि नंतर चाचणी घेतली. डिसेंबर २०२१ मध्ये मुलं खूप मागं होती, पण शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत जवळपास दोन तृतीयांश तूट भरून निघाली. तिथल्या सरकारनं 'इल्लम तेडी कल्वी' नावाची योजना काढली होती, म्हणजे घराच्या दारात शिक्षण, सुमारे दोन लाख स्वयंसेवक, बहुतेक गावातल्याच शिकलेल्या बायका, संध्याकाळी तासदीड तास पोरांना घेऊन बसायच्या. भरून निघालेल्यातला साधारण चौथा हिस्सा या वर्गांमुळं होता. देशाचा 'असर'चा आकडाही २०२४ मध्ये तिसरीसाठी २७.१ वर आला, म्हणजे २०२४ च्या तिसरीनं २०१८ च्या तिसरीला जवळजवळ गाठलं.

पण तिसरी सावरली म्हणजे आमची ती पोरगी सावरली असं नाही होत, ती तिसरी केव्हाच ओलांडून गेली. २०२० च्या पहिलीची पोरं २०२४-२५ ला पाचवीत होती आणि राज्यानं २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला परत परीक्षा आणलीय, नापास झालं तर फेरपरीक्षा, त्यातही नापास तर त्याच वर्गात. ज्या वर्गानं पहिली बघितलीच नाही तोच वर्ग या परीक्षेला बसला. आता ही पोरं वरच्या वर्गांत आहेत, भूगोल, विज्ञान, इंग्रजी, सगळं वाचूनच करायचं.

म्हणून करायचं काय तर इयत्ता बाजूला ठेवायची आणि पोराला काय येतं तिथनं सुरू करायचं. 'प्रथम' ही शिक्षणात काम करणारी संस्था हे कितीतरी वर्षं सांगतेय. अक्षरवाली पोरं एकीकडं, शब्दवाली एकीकडं, परिच्छेदवाली वेगळी, मग त्यात पाचवीचं आणि तिसरीचं पोर शेजारी बसलं तरी चालेल. रोज एक तास, दोनतीन महिने, नेमानं. खर्च फार नाही, खडू, गोष्टीची पुस्तकं आणि बसणारं माणूस.

अडचण येते ती लाजेची. सहावीतला उंच मुलगा दुसरीतल्या पोरांच्या गटात बसायला तयार नसतो, आणि बरोबरच आहे त्याचं. आमच्याकडं असा एक आला, दोन दिवस आला आणि मग दाराबाहेरच उभा राहायला लागला, आत ये म्हटलं की चपलेनं माती उकरायचा. मग त्याला म्हटलं तू लहान पोरांना गोष्ट वाचून दाखवायचीस, मला वेळ नाही, आणि त्यासाठी आधी माझ्यासोबत अर्धा तास बसून तयारी करायची. ती तयारी म्हणजेच त्याचं वाचन शिकणं, काना, मात्रा, वेलांटी, सगळं, पण हे आम्ही दोघांनीही कधी मोठ्यानं म्हटलं नाही. पहिली गोष्ट बसवायला त्याला नऊ दिवस लागले. सहा ओळींची गोष्ट. दहाव्या दिवशी तो आंघोळ करून, केस चोपून आला, लहान पोरांसमोर पुस्तक उलटं धरून त्यांना चित्र दाखवलं आणि परत सरळ करून पहिला शब्द वाचला.